मेन चालू करताच पाच पॅनेल उडाले, दोष मालाचा का वायरिंगचा?

प्रश्न : कापड दुकानाला नवीन थ्री फेज मीटर घेतलं, सीलिंगला 2 बाय 2 चे एलईडी पॅनेल बसवले. मेन चालू केल्याबरोबर मधल्या लाईनीतले पाचही फटफट आवाज करून गेले, बाकीचे मस्त चालू. मिस्त्री म्हणतो माल डुप्लिकेट, विकणारा म्हणतो व्होल्टेज जास्त आलं, वॉरंटी मिळणार नाही. कोण खरं?
- एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मला तरी विकणारा खरा वाटतोय. माल डुप्लिकेट असता तर इकडचा एक, तिकडचा एक असे हळूहळू गेले असते, अख्खी एकच लाईन पहिल्याच मिनिटाला नाही. त्या लाईनीला फेज (करंट आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परतीची वायर) याऐवजी दोन फेज लागलेत असा माझा अंदाज. हे होतं कसं, तर न्यूट्रलची काळी वायर संपली की निळीच न्यूट्रल म्हणून ओढतात आणि डीबी (स्विचांचा मुख्य बॉक्स) भरणारा दुसरा माणूस निळी बघून ती सरळ बी फेजला, म्हणजे निळ्या रंगाच्या तिसऱ्या फेजला, लावून मोकळा. दोन फेजमध्ये 400 व्होल्टच्या आसपास येतं (मिस्त्री लोक 440 म्हणतात), पॅनेलवर मात्र 220-240 लिहिलेलं. ड्रायव्हरमधला (पॅनेलला करंट पुरवणारी डबी) कपॅसिटर बहुतेक 400 व्होल्टचा असतो, 230 रेक्टिफाय होऊन, म्हणजे एसीचं डीसी होऊन, 325 पर्यंत जातं तोवर तो टिकतो, पण 400 दिलं की 565, मग फुटणारच. आणि एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) का नाही पडला विचाराल, तर तो करंट बघतो, व्होल्टेजशी त्याला देणंघेणं नाही.

टेस्टरवर जाऊ नका, दोन फेज असोत की न्यूट्रल तुटलेला असो, तो दोन्ही वायरींवर पेटतो. लायसनवाल्या वायरमनला बोलावून त्या लाईनीच्या दोन वायरींमध्ये व्होल्टेज मोजायचा मीटर लावायला सांगा. 400 च्या आसपास दाखवलं तर चूक वायरिंगची, पैसे मिस्त्रीकडून घ्या. 230 च दाखवलं तर मेन न्यूट्रलचा स्क्रू बघा, तो ढिला असेल तर एका फेजवर एसी चालू झाला की दुसऱ्या फेजवरच्या लाईटवर व्होल्टेज चढतं आणि एसीवाल्या फेजचे लाईट मिणमिणतात. तसं कधी दिसलं तर लगेच मेन बंद करा.

आणि हो, पाच नवे पॅनेल घेऊ नका, एलईडी बहुतेक वाचलेले असतात. वायरिंग नीट झाल्यावर नुसते ड्रायव्हर बदला, फक्त जुन्यावर जेवढे मिलीअँपिअर आणि जी आउटपुट व्होल्टची रेंज छापलीय तेच बघून घ्या.