घोरण्यासाठी माउथपीस: ऑनलाइन मिळणारा घ्यावा की डेंटिस्टकडून बनवून?
दात शाबूत असतील तर डेंटिस्टकडून मापं देऊन बनवलेला, खालचा जबडा पुढे धरणारा माउथपीसच घ्या. जबडा पुढे आला की जीभही पुढे येते आणि घशातली हवेची वाट मोकळी राहते. या माउथपीसने जबडा हळूहळू पुढे सरकवता येतो. गरम पाण्यात मऊ करून चावायचा ऑनलाइन प्रकार बऱ्याचदा नीट बसत नाही, झोपेत निसटतो. अमेरिकन अकादमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांतही मापाने बनवलेल्यालाच पसंती आहे. पूर्ण कवळी असेल तर जीभ ओढून धरणारा प्रकार बघा, पण त्याने लाळ गळते, जीभ दुखते. मात्र झोपेत श्वास अडकत असेल किंवा दिवसा पेंग येत असेल, तर काहीही विकत घेण्याआधी कृपया स्लीप स्टडी (झोपेत श्वास कसा चालतो ते पाहणारी तपासणी) करून घ्या.