नर्स प्रॅक्टिशनर व्हायचे आहे, पण वॉर्डची वर्षे टाळून?

प्रिय ताई,
मी बावीस वर्षांची असून शिकागोजवळ नर्सिंगच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला फॅमिली नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे रुग्ण तपासून स्वतः निदान आणि उपचार करणारी परिचारिका, व्हायचे आहे. मे महिन्यात पदवी मिळाली की परवान्याची परीक्षा द्यावी आणि ऑगस्टपासून लगेच पुढच्या अभ्यासक्रमाला बसावे, असे माझे आणि आई-बाबांचे मत आहे. शिक्षणात एकदा खंड पडला की पुन्हा पुस्तक हातात येत नाही, असे आई म्हणते. क्लिनिकलला, म्हणजे रुग्णालयातल्या प्रत्यक्ष प्रशिक्षणात, भेटलेल्या नर्सेस मात्र सांगतात की वॉर्डात काम न करता हे करणे चूक आहे. खरे सांगायचे तर मला वॉर्डची भीती वाटते. गेल्या सत्रात एका पेशंटला अचानक धाप लागली आणि मी नुसती उभी राहिले. पुढे शिकले तर ही भीती जाईल का?

प्रिय मुली,

तुझ्या पत्रातली शेवटची तीन वाक्ये मला आधीच्या सगळ्या मजकुराहून महत्त्वाची वाटली. त्यांच्याकडे मी येणारच आहे, पण आधी नियमांचे बोलू.

तू म्हणतेस तो सरळ मार्ग नियमात बसतो. फॅमिली नर्स प्रॅक्टिशनरच्या प्रमाणपत्र परीक्षेसाठी नोंदणीकृत परिचारिकेचा परवाना आणि मान्यताप्राप्त अभ्यासक्रम लागतो. वॉर्डात किती वर्षे काढली हे तेथे विचारले जात नाही. भूल देणाऱ्या परिचारिकांच्या अभ्यासक्रमाला मात्र अतिदक्षता विभागातला किमान एक वर्षाचा अनुभव लागतो, आणि नवजात अर्भकांच्या शाखेतही आधीच्या अनुभवाची अट असते. आधी परिचारिका म्हणून जास्त वर्षे काढली म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर अधिक चांगली होते, असे आजवरच्या पाहण्यांतून ठामपणे सिद्ध झालेले नाही, हेही तुला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. त्यामुळे सरसकट "चूक" हा शब्द मी वापरणार नाही.

तरीही त्या नर्सेस असे का म्हणतात, हे समजून घे. कोलोरॅडो विद्यापीठात १९६५ साली लोरेटा फोर्ड या परिचारिकेने आणि हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला अभ्यासक्रम, मुलांच्या आरोग्यासाठीचा, सुरू केला. फोर्डबाई स्वतः सार्वजनिक आरोग्यसेवेत काम केलेल्या होत्या, आणि घरोघरी, खेड्यापाड्यांत काम करून ज्यांची नजर तयार झालेली आहे अशा परिचारिकांचे अधिकार वाढवावेत, अशी त्यामागची कल्पना होती. अनुभवाच्या पायावर वरचा मजला चढवायचा होता. आज तो पाया अभ्यासक्रमातच घालून देण्याचा प्रयत्न होतो, पण त्याची रुंदी किती, ते पाहा. सध्याच्या राष्ट्रीय निकषांप्रमाणे रुग्णसेवेचे किमान ७५० तास पूर्ण करावे लागतात; २०२२ पूर्वी ही संख्या ५०० होती. वॉर्डात आठवड्याला बारा-बारा तासांच्या तीन ड्यूट्या करणारी नवी परिचारिका एका वर्षात साधारण अठराशे तास रुग्णांजवळ काढते.

तासांपेक्षाही मोठा फरक आहे तो सोबतीचा. वॉर्डात तू अडलीस तर शेजारच्या खाटेपाशी दुसरी परिचारिका असते, हाकेच्या अंतरावर त्या पाळीची प्रमुख, म्हणजे चार्ज नर्स असते, आणि धोका दिसला तर तातडीचे पथक बोलावता येते. दवाखान्यातल्या खोलीत नर्स प्रॅक्टिशनर आणि रुग्ण दोघेच असतात. समोरच्या बाईची डोकेदुखी घरी पाठवण्याजोगी आहे की तिला आत्ताच इमर्जन्सीत न्यायला हवे, हे तेथे तू एकटीने ठरवायचे असते, आणि त्यासाठी तुझ्याकडे बहुधा वीसच मिनिटे असतात.

आता तुझ्या भीतीबद्दल. मी पहिली नोकरी महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी केली. चौथ्या की पाचव्या महिन्यात, रात्रपाळीला, हर्नियाची शस्त्रक्रिया झालेले एक वयस्कर शेतकरी माझ्याकडे होते. ब्लड प्रेशर ठीक होते, नाडी थोडी जलद होती, आणि मी सगळे नीट तक्त्यावर लिहून ठेवले होते. ते चादर सारखी बाजूला सारत होते. उकडत असेल, असे मला वाटले. फेरीवर आलेल्या मोठ्या सिस्टर खाटेच्या पायथ्याशी क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "हे एवढे अस्वस्थ का आहेत, विचारलंस का?" त्यांनी कपाळाला हात लावला तर घाम गार होता. आत रक्तस्राव होत होता. सर्जनना बोलावले, पुन्हा टेबलवर घेतले आणि ते वाचले. ब्लड प्रेशर उतरण्याआधी माणूस बेचैन होतो, हे मी परीक्षेत अगदी बरोबर लिहिलेले होते. समोर दिसले तेव्हा मला ते ओळखू आले नाही, कारण मी ते त्याआधी कधी पाहिलेले नव्हते.

धाप लागलेल्या पेशंटसमोर तू उभी राहिलीस, याचा अर्थ तू या कामाला अपात्र आहेस, असा मी मुळीच घेत नाही. पण पुढच्या पदवीने ही भीती जाणार नाही. असा पेशंट पाचव्यांदा, दहाव्यांदा समोर आला, शेजारी कोणीतरी जाणते उभे असले, आणि आपल्या हातांनी खाटेचा डोक्याकडचा भाग वर केला, ऑक्सिजन लावला, हाक मारली, की ती ओसरते. ज्या जागेची भीती वाटते ती टाळण्यासाठी तू पुढचा प्रवेश घेत असशील, तर तीच भीती तुझ्याबरोबर दवाखान्याच्या खोलीत येईल, आणि तेथे हाक मारायला कोणी नसेल. म्हणून तुझ्यासाठी माझे मत स्पष्ट आहे: आधी काम कर.

आईची काळजीही खोटी नाही. नोकरी, पगार, लग्न यांत राहून गेलेली शिक्षणे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पण येथे खंड पाडण्याची गरजच नाही. नव्या परिचारिकांसाठी वर्षभराचा रेसिडेन्सी कार्यक्रम, म्हणजे मार्गदर्शनाखाली काम करत शिकण्याची सोय, असलेले रुग्णालय निवड. तेथे पहिल्या वर्षी नवख्यांना एकटे सोडत नाहीत. दुसऱ्या वर्षापासून अर्धवेळ अभ्यासक्रम सुरू कर आणि त्याची तारीख आईला आजच सांगून टाक. अनेक रुग्णालये शिक्षणशुल्काचा काही भाग देतात, आणि वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतच्या अशा मदतीवर प्राप्तिकर लागत नाही. तुझ्या बाबांना हे नक्की पटेल. शिवाय तुझ्या इलिनॉय राज्यात प्रमाणपत्रानंतरही डॉक्टरांच्या सहकार्याने ४,००० तास काम केल्याखेरीज पूर्ण स्वतंत्रपणे काम करता येत नाही. घाईने वाचवलेल्या दोन वर्षांत स्वातंत्र्य हाती येईल, असा समज असेल तर तो सोडून दे.

एवढे ऐकूनही तू सरळच जायचे ठरवलेस, तर मी रागावणार नाही, पण प्रवेश घेण्याआधी एक प्रश्न विचार: क्लिनिकलसाठी प्रीसेप्टर, म्हणजे दवाखान्यात हाताखाली घेऊन शिकवणारी अनुभवी व्यक्ती, विद्यापीठ शोधून देते, की विद्यार्थिनीने स्वतः शोधायची? अनेक ऑनलाइन अभ्यासक्रमांत मुलींना दवाखान्यांचे उंबरठे झिजवावे लागतात आणि शेवटी मिळेल त्या ठिकाणी तास भरावे लागतात. तुझ्यासारख्या अननुभवी मुलीला हे परवडणारे नाही. पदवीनंतर नर्स प्रॅक्टिशनरसाठीची वर्षभराची रेसिडेन्सीही घे. कनेक्टिकटमधल्या एका सामुदायिक आरोग्य केंद्राने २००७ मध्ये ती पहिल्यांदा सुरू केली, आणि आता इतरत्रही ती मिळते.

निर्णय मे महिन्यापर्यंत थांबू शकेल; त्या दिवशीचा प्रसंग थांबवून ठेवू नकोस. नेमके काय झाले, ते या आठवड्यात तुझ्या क्लिनिकल शिक्षिकेला सांग, आणि सिम्युलेशन लॅबमध्ये, म्हणजे पुतळ्यावर सराव करण्याच्या खोलीत, धाप लागलेल्या पेशंटचा प्रसंग तिच्या देखत तीन-चार वेळा करून घे.

तुझी,
ताई