आयसीयूतला पहिला महिना: आधी एवढं पक्कं कर

आयसीयूत नवा फार्मासिस्ट म्हणून पहिल्याच आठवड्यात सगळं यायला हवं, हे डोक्यातून काढून टाक. डायलिसिसवरच्या पेशंटचे डोस, व्हेंटिलेटरची सेटिंग्ज हे सगळं नंतर.

आधी पेशंट, मग फाइल. राउंडच्या तासभर आधी बेडपाशी जा आणि शिरेतून औषध सोडणाऱ्या कुठल्या पंपावर काय, किती वेगाने चाललंय ते स्वतः वाच. ऑर्डरमध्ये बीपी वाढवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनलिनचा एक आकडा असतो, पंपावर दुसराच. रात्री बीपी घसरलं म्हणून सिस्टरांनी वेग वाढवलेला असतो. त्यांना विचार. रात्रभर पेशंटपाशी त्याच असतात.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- क्रिएटिनिनच्या (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) एकाच आकड्यावर विसंबणं. किडनी अचानक बिघडली की तो मागाहून चढतो. कालचा आकडा आणि तासातासाची लघवीही बघ.
- सेप्टिक शॉकमध्ये (जंतुसंसर्गाने बीपी कोसळतं तेव्हा) किडनी खराब म्हणून अँटिबायोटिकचा पहिलाच डोस कमी सुचवणं. पहिला पूर्ण द्यायचा. कपातीचा विचार पुढच्या डोसांना.
- एक्स्टेंडेड रिलीज (औषध हळूहळू सोडणारी) गोळी कुटून नळीवाटे द्यायला होकार देणं. दिवसभराचं औषध एकदम अंगात जातं.
- एका लाइनमधून काय काय जातंय ते न तपासणं. फिट्सवरचं फेनिटॉइन डेक्स्ट्रोजमध्ये (साखरेच्या सलाइनमध्ये) मिसळलं की साका धरतो. ते पांढरे कण मी नळीत पाहिलेत, अजून विसरता येत नाहीत.

राउंडला दहा मुद्दे नकोत. एकच मांड, पण डोससकट. उत्तर येत नसेल तर ‘बघून दहा मिनिटांत सांगेन’ म्हण, आणि दहाव्या मिनिटाला खरंच सांग.