लोकर, अळंबी आणि रंग: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी स्वीडनला उप्सालाजवळ राहते, विणकाम करते. इथे सप्टेंबरमध्ये पाइनच्या जंगलात एक अळंबी उगवते, वरून साधी तपकिरी पण उलटी केली की टोपीखालच्या चुण्या एकदम रक्तासारख्या लाल. इथल्या बायका ती लोकर रंगवायला नेतात. घरी करून बघू का, आणि हा लाल टिकतो का?

उत्तर: ताई, नक्की करा, अळंबीतून मिळणारा सगळ्यात सुंदर लाल हाच! वर्णनावरून ती कॉर्टिनॅरियस सेमिसँग्विनिअस वाटते. तिच्यातली रंगद्रव्यं अँथ्राक्विनोन गटातली, म्हणजे आपल्या मंजिष्ठाच्याच कुळातली, त्यामुळे रंग पक्का बसतो आणि उन्हातही लवकर विटत नाही.

पण आधी ओळख पक्की करा, हे मी अगदी कळकळीने सांगतेय. याच कॉर्टिनॅरियस वंशातली रुबेलस नावाची अळंबी तिकडच्याच जंगलात असते आणि ती खाल्ली तर किडनी कायमची जाऊ शकते, त्यात त्रास सुरू व्हायला कधीकधी दोन-तीन दिवस तर कधी त्याहून जास्त लागतात, तोवर खाल्लेलं माणूस विसरून पण गेलेलं असतं. म्हणून पहिल्या वेळी जाणत्या माणसाबरोबर जा, रंगाची अळंबी खायच्या अळंबीच्या टोपलीत अजिबात टाकू नका, आणि रंगाचं पातेलं, गाळणी, चमचा सगळं वेगळं ठेवा, परत स्वयंपाकाला नाही म्हणजे नाही.

आता कृती. १०० ग्रॅम लोकर सौम्य साबणाने धुऊन घ्या, मग रंग पक्का धरावा म्हणून १० ते १२ ग्रॅम तुरटी आणि ५-६ ग्रॅम क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगला वापरतात ती आंबट पांढरी पूड) कोमट पाण्यात विरघळवून त्यात ओली लोकर सोडा, हळूहळू ८० डिग्रीपर्यंत न्या, तासभर ठेवा आणि त्याच पाण्यात गार होऊ द्या. रंगासाठी सुकवलेली अळंबी लोकरीच्या वजनाइतकी घ्या. नुसत्या टोप्या घेतल्या तर लाल गडद येतो, देठ मिसळले की नारिंगीकडे झुकतो, म्हणून देठ तोडून वेगळे सुकवा, त्यांचा वेगळा छान रंग निघतो. अळंबी जुन्या नायलॉनच्या मोज्यात बांधून तासभर मंद आचेवर ठेवा म्हणजे तुकडे लोकरीत अडकत नाहीत, मग त्या पाण्यात लोकर घालून पाऊण-एक तास. उकळी येऊ द्यायची नाही आणि ढवळत बसायचं नाही! लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, गरम पाण्यात घुसळलं किंवा एकदम गार पाण्यात टाकलं की ते एकमेकांत अडकतात आणि लडीचा नमदा होतो, मग काही करता येत नाही. पहिल्या लडीनंतर पाणी फेकू नका, त्यातच दुसरी सोडा, ती केशरी निघेल, तिसरी फिकट पीच. मला तर कधीकधी ती तिसरीच जास्त आवडते.

प्रश्न: अळंबीचा रंग काढायचं सुचलं कोणाला? हे पूर्वापार आहे का? (वाचक, नाशिक)

उत्तर: दगडफुलासारख्या लायकेनचे रंग युरोपात फार जुने, पण अळंबीचं आजचं काम मुख्यतः कॅलिफोर्नियातल्या मेंडोसिनो गावच्या मिरियम राइस या कलाकार बाईंचं. त्यांनी पिवळ्या अळंबीचा झुपका लोकरीबरोबर गरम पाण्यात टाकून बघितला आणि लिंबासारखा पिवळा निघाला, मग त्या मिळेल ती अळंबी उकळून बघत गेल्या आणि १९७४ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. पुढे स्कँडिनेव्हियात हे वेड चांगलंच पसरलं. एक गोष्ट सगळ्यांना कळली, की अळंबी दिसते त्या रंगाची लोकर होईलच असं नाही. हायडनेलम नावाच्या, खालून काटेरी दिसणाऱ्या तपकिरी अळंबीतून निळा-हिरवा निघतो, आणि हॅपालोपिलस या दालचिनीच्या रंगाच्या लाकडावरच्या अळंबीतून चक्क जांभळा! (तीसुद्धा विषारी, खायची नाही.)

प्रश्न: गोडा मसाल्याचं दगडफूल पण बुरशीच ना? त्याचा रंग निघतो का? (वाचक, पुणे)

उत्तर: हो, दगडफूल म्हणजे लायकेन, बुरशी आणि शेवाळ एकत्र नांदतात. नुसतं लोकरीबरोबर मंद शिजवलं तरी पिवळसर-तपकिरी रंग धरतो, तुरटीही लागत नाही. स्कॉटलंडच्या बेटांवर ट्वीडची (तिकडच्या जाड लोकरी कापडाची) लोकर अशीच लायकेनमध्ये रंगवायचे. जांभळा हवा असेल तर आधी एक टेस्ट करा, तुकड्याचा वरचा करडा थर नखाने खरवडा, आतला पांढरा भाग दिसला की त्यावर घरातल्या ब्लीचचा एक थेंब टाका, तो लगेच लाल झाला तर त्यात जांभळ्याचा मूळ पदार्थ असण्याची चांगली शक्यता आहे. मग चुरा पाणी मिसळलेल्या अमोनियात काही आठवडे ठेवायचा, रोज झाकण उघडून हवा द्यायची, बाल्कनीतच ठेवा, वास उग्र असतो, आणि ब्लीच त्या बरणीच्या आसपासही नको, दोन्ही मिसळले तर विषारी वायू होतो. हा जांभळा उन्हात विटतो बरं का. आणि प्लीज किलोकिलोने आणू नका, लायकेन वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं आणि बाजारातलं सगळं जंगलातूनच ओरबाडलेलं असतं. मसाला निवडताना उरलेल्या चुऱ्यात एखादी छोटी लडी आरामात होते.

प्रश्न: आमच्याकडे घोंगडीचं सूत आहे, त्यावर हे रंग बसतील का? (वाचक, सोलापूर जिल्हा)

उत्तर: काळ्या लोकरीवर काही दिसणार नाही, आणि तो काळा मुळातच इतका देखणा की त्याला हात लावू नये असं माझं मत. पांढरं किंवा करडं सूत वेगळं काढा. सुताला चिंचोक्याची खळ लावली असेल तर ती कोमट पाण्यात भिजवून पूर्ण काढा, नाहीतर रंग डागाडागाने बसतो. पायसोलिथस नावाची बटाट्यासारखी ओबडधोबड अळंबी निलगिरीच्या झाडांखाली मिळते, फोडली की आत तपकिरी भुकटी, तिचा सोनेरी ते गडद तपकिरी रंग दख्खनी जाड लोकरीवर फार शोभतो. भुकटी उडते म्हणून नाकाला रुमाल बांधा आणि फोडण्याआधी ओली करा. शेवटी चिमूटभर हिराकस (लोखंडाचा हिरवट क्षार) घातलं तर रंग आणखी गडद होतो, पण चिमूटभरच, जास्त झालं की लोकर ठिसूळ होते.

प्रश्न: बटण मशरूम किंवा धिंगरी चालेल? (वाचक, ठाणे)

उत्तर: फार तर मळकट बिस्किटी. त्यांची भाजीच करा.