जुन्या प्रीमियर पद्मिनीला सीट बेल्ट, एबीएस, एअरबॅग बसवता येतात का?

वडिलांची 1978ची पद्मिनी, घरात आता लहान मूल, आणि बेल्टशिवाय तिच्यात बसणार नाही असं बायकोने बजावलंय, असं तुम्ही लिहिलंय. वहिनींचं बरोबर आहे. माझ्याकडेही पद्मिनीच आहे, म्हणून अनुभवाचं सांगतो.

एअरबॅग आणि एबीएसचा (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाद सोडा. धडकेत त्या मॉडेलचा पुढचा भाग किती आणि कसा चेपतो, यावर एअरबॅगचा सेन्सर बेतलेला असतो. भंगारातली आणून पद्मिनीत बसवली, तर ती वेळेवर उघडेल याचा भरवसा नाही. भलत्या वेळी उघडली तर तीच तोंडावर आदळायची.

बेल्ट मात्र जरूर बसवा, आणि तीन टोकांचाच. व्होल्वोने तो 1959 मध्ये आणला. आपल्याकडे नव्या गाड्यांना पुढचे बेल्ट सक्तीचे झाले 1994 मध्ये. तुमच्या गाडीत त्यासाठी मुळात जागाच केलेली नसणार. इथेच घोळ होतो. माझ्या पहिल्या फिटरने फ्लोअरच्या पत्र्याला भोक पाडून, चार आण्याएवढा वॉशर घालून बोल्ट आवळला. घरी येऊन मी बेल्टला दोन्ही हातांनी हिसडा दिला, तर कार्पेटखालचा पत्रा पापडासारखा वर आला! मग चांगला डेंटर गाठला. त्याने आधी खालचा गंज कापून नवा पत्रा मारला, मग फ्लोअरच्या खालून आणि दाराच्या मधल्या खांबाच्या आतून जाड लोखंडी पट्ट्या वेल्ड केल्या. बोल्ट बेल्टच्या किटमधलाच वापरा, हार्डवेअरच्या दुकानातला नको. बेल्टची गुंडाळी किटमध्ये दाखवलेल्या कोनातच बसली पाहिजे. आत एक छोटी गोळी असते. गुंडाळी तिरकी बसली की ती घसरते आणि बेल्ट उभ्या गाडीतच अडकून बसतो. मागच्या सीटलाही बेल्ट घ्या, मुलाची सीट त्यावरच बांधायची आहे.

पण त्याआधी ब्रेक. चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि जुन्या पद्मिनीत सगळ्यांना मिळून ब्रेक ऑइलची एकच लाइन. एका व्हील सिलिंडरचं (चाकातला ब्रेक दाबणारा छोटा पंप) रबर गेलं की पेडल थेट तळाला. व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरची (पेडलकडचा मुख्य पंप) किट, रबरी होस सगळं नवीन टाका, ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला. ते हवेतली ओल शोषतं, मग लांब घाटउतारावर तापून उकळतं आणि पेडल मऊ पडतं. घाटात दुसऱ्या गिअरवर उतरा, वडील उतरत असतील तसेच.

टायरची नक्षी नका बघू, बाजूवरचे चार आकडे बघा: पहिले दोन टायर बनल्याचा आठवडा, पुढचे दोन साल. हेडलाइटला रिले (स्विचऐवजी बॅटरीतून थेट करंट देणारा) टाका, उजेडातला फरक त्याच रात्री दिसेल. पेट्रोलच्या रबरी पायपा बदला, आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं आणि जुन्या रबराला ते मानवत नाही.

पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवायला मेकॅनिक कापाकापी सुचवतील. थांबा. 2028 मध्ये गाडीला पन्नास पूर्ण होतील. 2021च्या नियमांनुसार पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला मिळणारी व्हिंटेज नोंदणी हवी असेल तर गाडी मूळ रूपात लागते. ती नोंदणी घेतली की रोजच्या कामाला मात्र गाडी काढता येत नाही, तेव्हा हे वडिलांशी आधीच बोलून घ्या.