हलगी शेकल्याशिवाय वाजत नाय

भावा,

तुझा ट्रॅक तीनदा ऐकला, एकदा हेडफोनवर, एकदा गाडीत आणि एकदा गंगावेशीत दूध पिताना फोनच्या स्पीकरवर. मिक्स माझ्यापेक्षा भारी केलायस, खोटं कशाला बोलू. पण थंड वाटला राव. आता तू म्हणशील कॉम्प्युटरवरचं म्युझिक थंडच असणार की दादा, तर तसं अजिबात नाय.

मिरवणुकीच्या आधी हलगीवाला बघितलायस ना, कोपऱ्यात कागद पेटवून हलगी शेकत बसतो, मधेच टिचकी मारून कानाजवळ नेतो, परत शेकतो, आणि कातडं ताणलं की मगच उठतो, पावसाची सर आली की पुन्हा पहिल्यापासून. जुने अ‍ॅनालॉग सिंथ, म्हणजे विजेच्या सर्किटवर आवाज काढणारे कीबोर्ड, असलेच, ऑन केल्यावर तापेपर्यंत सूर सरकत राहतो. रोलंड कंपनीचं ८०८ हे ड्रम मशीन आलं १९८० ला, त्याच्या आवाजातली ती चुरचुर मुद्दाम घेतलेल्या सदोष ट्रान्झिस्टरमुळं होती, पुढं तसला खराब माल मिळेना म्हणून मशीनच बंद झालं! आपल्या मुंबईच्या चरणजित सिंग ह्या वादकानं १९८२ मध्ये ह्याच ८०८ च्या आणि रोलंडच्याच ३०३ ह्या बेस सिंथच्या साथीनं राग वाजवून रेकॉर्ड काढली, तेव्हा कुणी फारसं विचारलं नाय.

तू सगळे ठोके ग्रिडला, म्हणजे स्क्रीनवरच्या तालाच्या रेघांना, चिकटवलेयस. किक, म्हणजे तो खालचा जाड ठोका, राहू दे तिथंच, तो खांब आहे, पण हायहॅटला, म्हणजे त्या बारक्या झांजेला, जरा स्विंग दे, एकाआड एक ठोका थोडा उशिरा पाड, ५० म्हणजे सरळ सपाट, ६६ ला पार ट्रिपलेट, म्हणजे तीन समान भागांची चाल, होतं, तू ५४-५६ च्या आसपास फिरव आणि कानानं ठरव, आकड्यानं नाय. टाळीचा क्लॅप काही मिलिसेकंद मागं ओढ. व्हेलॉसिटी, म्हणजे ठोक्याचा जोर, सगळीकडं सारखी ठेवलीयस ती पण मोड, कुठला हलगीवाला प्रत्येक टिपरू सारख्या जोरात मारतो सांग बघू.

आणि माणसं बघ. डीजे म्हणून माझी पहिली हळदीची सुपारी, दोन तास मान लॅपटॉपात, बीटमॅचिंग, म्हणजे दोन गाण्यांचा ताल जुळवणं, एकदम परफेक्ट, वर बघितलं तर मांडवात नुसत्या खुर्च्या आणि एक बारकं पोरगं वायरशी खेळतंय, बाकी सगळी जेवायला. नवरदेवाचा मामा आला आणि एवढंच म्हणाला, “वर बघ की रं जरा.” लई लाज वाटली. शिकागोत डीजे फ्रँकी नकल्स १९७७ पासून वेअरहाऊस क्लबात वाजवायचा, हाऊस ह्या नाचाच्या म्युझिकचं नाव तिथनंच पडलं म्हणतात, तिथं यायची ती बहुतेक काळी, लॅटिनो, गे पोरं, ज्यांना बाहेर कोण जवळ करत नव्हतं. रात्रभर त्यांना नाचतं ठेवायचं तर फ्लोअरकडं बघावंच लागणार. आपल्याकडं डॉल्बीच्या भिंती लावून छाती हादरवतात त्याला मी ऊब म्हणत नाय, तो नुसता दणका, पण ते भांडण परत कधीतरी.

शेवटचं. दोन मिनिटांनंतर तुझ्या व्होकलच्या मागं कुकरची शिट्टी आहे आणि आई काहीतरी बोलतायत, ते तू नॉइज म्हणून साफ करणार म्हणालास. हात लावू नकोस त्याला! उलट थोडं वर घे. आणि त्या नेमकं काय म्हणत होत्या ते विचारून कळव, मला ‘भाकरी’ एवढंच ऐकू आलं.

तुझा दादा