आधी ‘मी’ म्हण

प्रिय पोरी,

तुझा निरोप रात्री ऐकला. ‘ते फोन करतात’ हे इटालियनमध्ये सांगताना तू ‘तेलेफोनानो’तल्या ‘ना’वर आघात दिलास, वर्गात तुला थांबवलं, आणि आता तू म्हणतेस की या भाषेला नियमच नाहीत. आहेत! ‘आघात उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या, अक्षरावर’ हे नामांना बरंचसं चालतं. क्रियापदात आधी ‘मी’ म्हणायचं.

मी फोन करते: ते-ले-फो-नो, जोर ‘ले’वर. ते फोन करतात: ते-ले-फो-ना-नो, जोर तिथेच, शेवटून चौथ्या अक्षरावर. मी राहते, ‘आबितो’, जोर ‘आ’वर, म्हणून ‘आबितानो’तही ‘आ’वरच. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’च्या रूपांत मात्र तो पुढे सरकतो, आबित्यामो, आबिताते, आणि तिथे तुझं उपान्त्य जुळतं. म्हणून तर फसलीस.

मूळ रूपावरून अंदाज बांधू नकोस. आबितारे आणि इंपारारे कानाला एकाच वळणाचे, पण ‘मी शिकते’ म्हणजे इम्-पा-रो, जोर ‘पा’वर. चांगल्या इटालियन कोशात मूळ रूपाशेजारी ‘मी’चं रूप आघाताच्या खुणेसकट छापलेलं असतं. तू ते वाचतच नाहीस, हो ना? अक्षरं किती, हेही तेच सांगतं: ‘स्तू-द्यो’ (मी अभ्यास करते) दोन अक्षरांचं, ‘इन्-वी-ओ’ (मी पाठवते) तीन. म्हणूनच ‘तू अभ्यास करतोस’ लिहिताना शेवटी एक ‘इ’ आणि ‘तू पाठवतोस’ लिहिताना दोन.

मी सहा वर्षं रूपं घोकली, खूण एकदाही केली नाही. मग मिलानजवळच्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून उभी राहिले आणि ‘असे बिघाड घडतात’ म्हणताना ‘कापितानो’तल्या ‘का’ऐवजी ‘ता’वर जोर दिला. ऐकणाऱ्यांच्या कानी पडला कप्तान! कुणी हसलं नाही, कुणी दुरुस्तही केलं नाही. पुढच्या वेळी दुसरीला बोलावलं. ते मला अजून लागतं.

लोक म्हणतात, मी पोरांना छळते. समोरच्याला समजलं की झालं. समजतं गं, पण ऐकणाऱ्याला दर वाक्याला अडखळावं लागतं, आणि ते तो तुला सांगत नाही. मी छळते, कारण मला कुणी छळलं नाही.

तुझा कान चांगला आहे. मराठीतला मका आणि मक्का तू कधी गोंधळत नाहीस, म्हणून ‘वेद्रेमो’ (आम्ही बघू) आणि ‘वेद्रेम्मो’ (आम्ही बघितलं असतं) यांतला एकेरी-दुहेरी ‘म’ तुला पहिल्याच दिवशी आला. आघाताला मराठीत अर्थ बदलायची सवय नाही, तेवढीच उणीव.

रविवारी वीस क्रियापदं घेऊन ये. प्रत्येकाचं ‘मी’ आधी, खूण करून. ‘ते’ मी विचारेन.

तुझी,
मावशी